कादंबरीच्या आधी उसाचा फड

इंग्रजी अभ्यास मंडळातील सन्माननीय सदस्यांना आणि बी.ए.च्या वर्गांवर इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

"वेस्ट इंडीज हा आफ्रिकेतला एक देश आहे." तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या चाचणीच्या पेपरात हे वाक्य मी वाचलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या तीन पानांत त्याच मुलानं हायब्रिडिटी (संस्कृतींची सरमिसळ) म्हणजे काय, मिमिक्री (सत्ताधाऱ्यांची नक्कल) म्हणजे काय, 'अदर' (परका) कोणाला म्हणायचं, हे सगळं गाईडात असतं तसं बिनचूक उतरवलं होतं. मी त्याला चांगले गुण दिले आणि पेपर गठ्ठ्यात ठेवला. रात्री तो पुन्हा बाहेर काढला. ज्या बेटांवरच्या कविता मी त्याला तीन आठवडे शिकवल्या, ती बेटं पृथ्वीच्या पाठीवर कुठं आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी ते कधी सांगितलंही नव्हतं. चूक त्या मुलाची नव्हती. माझी होती. आणि माझ्या हातात आलेल्या अभ्यासक्रमाचीही होती. त्यात कवी होते, कादंबरी होती, संज्ञा होत्या, फक्त मुलूख नव्हता.

माझं मागणं एकच आहे. वसाहतीच्या अमलाखालून गेलेल्या कुठल्याही मुलखाचं साहित्य नेमायचं असेल, तर आधी तो मुलूख शिकवायला आम्हाला दहा तासिका द्या, आणि त्या अभ्यासक्रमाच्या कागदावर छापून द्या. 'पार्श्वभूमी' एवढा एक शब्द छापून भागत नाही. तो शब्द दिसला की काय होतं ते आपण सगळेच जाणतो: पहिल्या तासाला लेखकाचा जन्म, पुरस्कार आणि ग्रंथांची यादी; दुसऱ्या तासाला प्रकरण पहिलं.

मी कॅरिबियन साहित्य, म्हणजे अमेरिकेजवळच्या वेस्ट इंडीज बेटांकडचं साहित्य, शिकवते, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते. नायजेरिया, केनिया, श्रीलंका शिकवणाऱ्यांनी आपापल्या मुलखाचं सांगावं.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'पोस्टकलोनियल'ला आपण 'उत्तर-वसाहतवादी' म्हणतो. कोल्हापुरातल्या मुलाला वसाहत म्हटलं की औद्योगिक वसाहत आठवते, नाहीतर एखादी हौसिंग सोसायटी. त्यातून कोल्हापूर पडलं संस्थान. ते मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 रोजी. इथल्या घरांतल्या जुन्या आठवणींत गोरा कलेक्टर नाही, महाराज आहेत; राजर्षी शाहूंनी 1902 साली मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवलेल्या निम्म्या जागा आहेत, राधानगरीचं धरण आहे. इंग्रजांचा रेसिडेंट इथं होता, पण तो आजी-आजोबांच्या गोष्टींत फारसा येत नाही. आणि इथून एसटीनं वाळव्याकडे जा, तिकडच्या घराघरांत प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांचा अंमल झुगारून लोकांनीच चालवलेल्या कारभाराच्या, गोष्टी ऐकायला मिळतात. एका एसटीच्या टप्प्यात इंग्रजी अमलाची आठवण एवढी बदलत असेल, तर जमैका, नायजेरिया आणि भारत या तिघांच्या अंगात एकाच मापाचा सदरा कसा बसणार? आपण मात्र तोच शिवून ठेवला आहे. आधी सिद्धान्त शिकवतो, मग कादंबरीत त्याची उदाहरणं शोधायला लावतो. मुलंही हुशार आहेत, ती शोधून देतात.

पहिल्या दोन तासिका नकाशाला द्याव्यात असं माझं मत आहे. मुलांना वेस्ट इंडीज क्रिकेटमुळे माहीत असतं. 1971 साली गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत 774 धावा काढल्या, ही गोष्ट अजून घरातले मोठे सांगतात. संघ एक, म्हणून देशही एकच, असं मुलं धरून चालतात. तिथंच थांबायचं आणि नकाशा टांगायचा. जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो 1962 साली स्वतंत्र झाले, गयाना आणि बार्बाडोस 1966 साली, सेंट लुसिया 1979 साली. गयाना तर बेटच नाही, तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. मार्टिनिक आणि ग्वादलूप आजही फ्रान्सचे भाग आहेत, तिथं युरो चालतो. बार्बाडोसनं इंग्लंडच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक जाहीर केलं ते 30 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे आज माझ्यासमोर बसणारी मुलं शाळेत होती तेव्हा. 'वेस्ट इंडीज' हे नावच एका चुकीतून आलेलं. 1492 साली कोलंबस त्या बेटांवर उतरला आणि आपण हिंदुस्थानच्या आसपास पोचलो असं समजून तिथल्या तैनो लोकांना त्यानं 'इंडियन' ठरवलं. साडेतीनशे वर्षांनी खरोखरचे हिंदुस्थानी लोक जहाजांत भरून त्याच बेटांवर नेले गेले. एवढं सांगून झालं की वर्गातून आपोआप प्रश्न येतो: शिवनारायण चंद्रपॉल, निकोलस पूरन ही नावं तिकडं कशी? त्याचं उत्तर मी लगेच देत नाही.

मग ऊस. इथं मात्र घाई करू नका.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकाला कॅरिबियन शिकवण्याची जी सोय आहे, ती मुंबई-पुण्याच्या शिक्षकाला नाही, आणि इतकी वर्षं ती माझ्याही लक्षात आली नव्हती. ती बेटं आज जशी आहेत तशी झाली ती उसामुळे. कोलंबसनं 1493 च्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणं नेली. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी बार्बाडोससारख्या चिमुकल्या बेटावर जंगल तोडून ऊस लावला आणि पाहता पाहता सगळं बेट उसाखाली गेलं. तिथून जमैका, फ्रेंचांचं सेंट-डोमिंग म्हणजे आजचं हैती, पुढं त्रिनिदाद, गयाना. 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करा'तून निघून फिरत फिरत इंग्रजीत गेला. ऊसही आपल्याच बाजूनं पश्चिमेकडे गेलेला. आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. दिवाळी झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मुलांची एसटी त्यांच्या मागं अडकते, पहिला तास बुडतो. वर्गाच्या खिडकीतून ऊस दिसत असताना मी फळ्यावर 'प्लँटेशन इकॉनॉमी' (मळ्यांवर चालणारी अर्थव्यवस्था) लिहून त्याची व्याख्या देत होते.

ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं तो दिवस सांगते. उताऱ्यात 'गँग' आणि 'ड्रायव्हर' हे शब्द होते. सोपे म्हणून मी त्यांच्यावर थांबले नाही. मुलांनी वहीत अर्थ लिहून घेतले: गँग म्हणजे गुंडांची टोळी, ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा. शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गँग म्हंजे आपली टोळीच की. ऊस तोडाय येत्यात ती." वर्ग हसला. ती मुलगी अगदी बरोबर होती. उसाच्या मळ्यात गँग म्हणजे तोडणीची, लावणीची, खुरपणीची टोळी. ड्रायव्हर म्हणजे त्या टोळीवरचा मुकादम, फक्त हातात चाबूक असलेला आणि बहुतेक वेळा स्वतःही गुलामच असलेला. डिक्शनरीत जो अर्थ मुलांना सापडला नसता तो त्यांच्या शिवारात होता. मग आम्ही त्या तासाला एकामागून एक शब्द लावत गेलो. क्रॉप टाइम म्हणजे गळीत हंगाम. रटून म्हणजे खोडवा. बगॅस म्हणजे चिपाडं. मोलॅसिस म्हणजे मळी, जिच्यापासून ते लोक रम काढत. बार्बाडोसमध्ये 'क्रॉप ओव्हर' नावाचा सण असतो, तो काय, असं विचारल्यावर तिघं-चौघं एकदम म्हणाले, "पट्टा पडला!" म्हणजे हंगाम संपला. त्रिनिदादमध्ये जन्मलेले लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या 1961 सालच्या कादंबरीत नायक काही काळ एका साखर मळ्यावर ड्रायव्हर म्हणून राहतो. हा तास झाला नसता, तर माझ्या मुलांनी त्याच्या हाती स्टिअरिंग देऊन पुढची सगळी पानं वाचली असती.

त्याच हंगामात मी वर्गाला गुऱ्हाळावर नेलं. सोबत एकच कागद होता, जमैकातल्या जुन्या बॉयलिंग हाउसचं चित्र. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडत होता, चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढणं चालू होतं. गुळव्यानं पाक उचलून दोन बोटांत धरला, ताणून पाहिला आणि मान हलवली: अजून नाही. तेव्हा मी मुलांना चित्र दाखवलं. तिथंही चुलीवर एकापुढे एक तांब्याच्या कढया, मोठीपासून धाकटीपर्यंत. रस पळ्यांनी एकीतून दुसरीत जायचा. खाली जळायची ती चिपाडंच. आणि शेवटच्या कढईपाशी एक माणूस अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाची तार ओढून बघायचा. तोच हात, तीच दोन बोटं. त्या माणसाचं कसब इतकं मोठं होतं की साऱ्या मळ्याची मिळकत त्याच्या बोटांवर अवलंबून असे. तो गुलाम होता. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत त्याचं नाव किमतीसकट यायचं, त्याच यादीत बैल आणि खेचरंही असायची.

ऊस तोडल्यावर फार वेळ ठेवता येत नाही, साखर उतरते, हे मुलांना सांगावं लागलं नाही. म्हणून हंगामात तिकडे घाणे रात्रभर चालत. झोपेनं पेंगुळलेल्या माणसाचा हात उसाबरोबर चरकात ओढला जाई. घाण्याशेजारी एक कुऱ्हाड टांगलेली असे. हात सोडवण्यासाठी नव्हे, तोडण्यासाठी. नाहीतर सगळा माणूस आत गेला असता. गुऱ्हाळावर उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा मुलं घाण्याकडे बघत होती. वर्गात हेच वाक्य मी अनेकदा वाचलं होतं, पण तेव्हा ती वही बघत असत.

आता याच्या पुढची गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची आहे. साम्य दाखवून थांबलो तर आपण मुलांची फसवणूक करू.

टोळी म्हटल्यावर वर्ग हसला होता ना, त्या हसण्यात सामील नसलेला एक मुलगा दोन दिवसांनी मला स्टाफरूमबाहेर भेटला. त्याचे आईवडील मराठवाड्यातून तोडीला यायचे, पुढे इकडेच स्थायिक झाले. तो म्हणाला, "मॅडम, माझी आई टोळीत होती." मी माफी मागितली. तो म्हणाला, त्यासाठी आलो नाही. "तुम्ही गुलाम आणि टोळी एकाच ओळीत लिहिलं फळ्यावर. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला यावं लागतं, ते खरं आहे. पण मुकादमाला माझ्या आईला विकता येत नव्हतं. आणि मला तर नाहीच." माझ्या सगळ्या संदर्भग्रंथांनी मिळून जो फरक वर्गात पोचवला नव्हता तो त्यानं व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितला.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकवते. पहिली गुलामगिरी. सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली, त्यांतली सुमारे एक कोटी सात लाख अटलांटिकच्या पलीकडे जिवंत उतरली. मधला आकडा समुद्रात आहे. ब्रिटिशांनी हा व्यापार 1807 साली बंद केला, पण गुलामगिरी उठवणारा कायदा 1833 चा, तो लागू झाला 1 ऑगस्ट 1834 रोजी, आणि त्यानंतरही 'उमेदवारी'च्या नावाखाली माणसं 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर बांधलेली राहिली. मालकांना भरपाई मिळाली 2 कोटी पौंड. ज्यांना राबवलं त्यांना एक पेनीही नाही. त्या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारनं काढलेलं कर्ज पुरतं फिटलं ते 2015 साली. हैतीच्या लोकांनी तर 1791 साली बंड करून 1 जानेवारी 1804 रोजी स्वतःच स्वातंत्र्य घेतलं, तेव्हा फ्रान्सनं 1825 साली उलट त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली. पुढं ती 9 कोटींवर आणली, पण तिच्यापायी झालेलं कर्ज हैती 1947 पर्यंत फेडत होता. हे सांगितलं की वर्गात जी शांतता पसरते ती मला कुठल्याच संज्ञेनं कधी मिळवून दिली नाही.

दुसरी गोष्ट कराराची मजुरी. गुलाम सुटले, मळे ओस पडायला लागले, मग मालकांची नजर आपल्याकडे वळली. 1838 च्या मे महिन्यात हिंदुस्थानी मजुरांची पहिली जहाजं गयानाला लागली. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांवर प्रवास करून त्रिनिदादला पोचलं, त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्रिनिदादला सुमारे 1 लाख 44 हजार आणि गयानाला सुमारे 2 लाख 39 हजार लोक गेले. करार पाच वर्षांचा, मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास हवा, गैरहजेरीला तुरुंग. बहुतेक लोक भोजपुरी मुलखातले. मराठी माणसंही ऊस तोडायला समुद्रापार गेली, पण ती प्रामुख्यानं मॉरिशसला. तिथं आजही मराठी समाज आहे आणि शाळांत मराठी शिकवली जाते. चंद्रपॉल आणि पूरन यांचं उत्तर मुलांना इथं मिळतं.

तिसरी गोष्ट आपली उचल आणि आपली टोळी. तिच्याबद्दल मी बोलत नाही, मुलांना बोलू देते. ज्याला बोलायचं नसेल त्याच्याकडे मी पाहतही नाही. वर्गात ऊस लावणाऱ्यांची मुलं असतात तशी तोडणाऱ्यांचीही असतात. कुणाच्याही आईबापाला आपण तासाचं उदाहरण करून टाकू नये, ही एक ओळ शिक्षकांसाठीच्या सूचनांत तुम्ही घालावी अशी माझी विनंती आहे.

दुसरा धोका आणखी गोड आहे. त्रिनिदादमध्ये रामलीला होते, डाळपुरी खातात, आजोबांना आजा आणि आजीला आजीच म्हणतात, हे कळल्यावर मुलं हरखून जातात. "म्हणजे ती आपलीच माणसं!" मीही पूर्वी हेच म्हणायचे. सेंट लुसियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांना 1992 साली नोबेल मिळालं. त्यांच्या नोबेल व्याख्यानाची सुरुवातच त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातल्या रामलीलेनं होते. उसाच्या मैदानाच्या कडेला वसलेलं खेडं, बांबूचा रावण, धनुष्यबाण घेतलेली मुलं. वॉलकॉट प्रांजळपणे सांगतात की आपल्याला तो नाटकाचा खेळ वाटला, हरवलेल्या हिंदुस्थानची आठवण वाटली, आणि ते आपलं चुकलं. ती मुलं कशाची आठवण काढत नव्हती, त्यांच्या श्रद्धेची गोष्ट त्यांच्याच मैदानावर, त्या दिवशी घडत होती. शेजारच्या बेटावर जन्मलेल्या एवढ्या मोठ्या कवीला जर हे पुन्हा पाहून शिकावं लागलं, तर कोल्हापुरात बसून 'आपलीच माणसं' म्हणण्याची घाई आपण का करावी? ती माणसं त्रिनिदादची आहेत. त्यांच्या शेजारी आफ्रिकेतून आणलेल्यांची मुलं वाढली. दोघांत भांडणं झाली, लग्नंही झाली, आणि अशा लग्नातून झालेल्या मुलाला तिथं 'डगला' म्हणतात. हा शब्द आपल्या 'दोगला'चाच. तो तिथं कसा गेला, त्यात कोणता डंख होता आणि आज कितीतरी लोक तो अभिमानानं का लावतात, यावर एक तास सहज जातो. जाऊ द्यावा.

सणांच्या तासिकेबद्दल थोडं सांगते, कारण ती सिलॅबसमध्ये कधीच नसते आणि तिथल्या कवितेची लय मात्र तिच्यातून येते. त्रिनिदादच्या कार्निव्हलच्या मुळाशी 'कॅनबुले' आहे. शब्द फ्रेंच, अर्थ 'जळालेला ऊस'. फड पेटला की शिंगं फुंकली जात आणि आजूबाजूच्या मळ्यांवरचे गुलाम मशाली देऊन रातोरात ऊस तोडायला पिटाळले जात. आपल्याकडच्या मुलाला विचारा, एवढी घाई का? तो सांगेल: जळीत ऊस राहिला की वजन घटतं, कारखाना कपात करतो. गुलामगिरी गेल्यावर लोकांनी तीच मशालींची रात्र मिरवणूक म्हणून काढायला सुरुवात केली. जी रात्र त्यांच्यावर लादलेली होती ती त्यांनी स्वतःची करून घेतली. 1881 साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांनी ती बंद पाडायचा प्रयत्न केला तेव्हा दंगल झाली. तीन वर्षांनी, 30 ऑक्टोबर 1884 रोजी, सॅन फर्नांडोजवळ मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. 'होसे' म्हणतात तिथं त्या सणाला, हसन-हुसेनच्या पुकाऱ्यातून आलेला शब्द. ताजिये खांद्यावर घेतलेले लोक मळ्यांवरचे मजूर होते, मुसलमान आणि हिंदूही. किमान 16 जण ठार झाले. कोल्हापुरात जिथं तालमींत पंजे बसतात आणि हिंदू घरं नवस फेडतात, तिथं या मिरवणुकीत हिंदू कसे, असा प्रश्न एकाही मुलानं मला आजवर विचारलेला नाही. दुसरीकडे शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला त्यासाठी अर्धा तास खर्चावा लागला.

भाषेचं मात्र सगळ्यांना जड जातं, मलाही. आमच्या कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. कॉलेजात आल्या की पहिल्या महिन्यात गप्प होतात, दुसऱ्या महिन्यात 'आले, जेवले' शिकतात, आणि घरी जाऊन पुन्हा 'आलो'. अशी मुलगी तिकडच्या बोलीतल्या इंग्रजीत लिहिलेली कॅरिबियन कविता वाचते आणि विचारते, "मॅडम, यात ग्रामर चुकलंय, परीक्षेत चालतं का?" बार्बाडोसचे कवी कामाऊ ब्रेथवेट यांनी अशा बोलीला 'डायलेक्ट' म्हणणं नाकारलं आणि 'नेशन लँग्वेज', म्हणजे राष्ट्राची भाषा, हा शब्द दिला. शाळेत इंग्लंडचं बर्फ आणि इंग्लंडची फुलं शिकून तिकडच्या एका मुलानं निबंधात उसाच्या शेतांवर बर्फ पडत असल्याचं लिहिलं, हे उदाहरण त्यांनीच दिलेलं. मी ते वर्गात सांगते आणि मग मुलींना विचारते, तुमच्या निबंधात तुम्ही कोणतं बर्फ पाडता? पहिल्या वेळी उत्तर येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी उभी राहून 'मी वाचलो' म्हणते आणि तिला कोणी हसत नाही. त्यानंतर कविता वाचायला घेतली की ग्रामरचा प्रश्न येत नाही.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण बैठकांत मी ते ऐकले आहेत. वेळ नाही, हा पहिला. चार क्रेडिटच्या पेपराला साठ तासिका असतात, त्यांतल्या दहा मी मागते आहे, आणि त्यासाठी नेमलेल्या कवितांतल्या चार कमी करा असं सुचवते. सहा कविता मुलखासकट वाचल्या तर त्या राहतात. दहा कविता गाईडासकट वाचल्या तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी एकही राहत नाही. हा इतिहास-भूगोलाचा विषय आहे, हा दुसरा आक्षेप. त्या विभागांतल्या सहकाऱ्यांना एकेक तासिका द्या की. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात व्यापारी वारे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा जहाजं त्याच मार्गानं का गेली ते मला स्वतःला पहिल्यांदा नीट कळलं.

तिसरा आक्षेप मी मनापासून मानते: आधी माहिती दिली की मुलं कादंबरीत फक्त माहितीच शोधतात, वाचनाची गोडी जाते. मी हे होताना पाहिलं आहे. म्हणून मी आता मुलखाच्याही आधी एक तास ठेवते. पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं, काहीही सांगायचं नाही. जे कळलं नाही ते मुलांनी विचारायचं, मी ते सगळं फळ्यावर लिहायचं, आणि पुस्तक मिटायचं. पुढच्या दहा तासिका त्या प्रश्नांच्या मागं जातात. मग तेच पान पुन्हा वाचायचं. दुसऱ्या वाचनात मुलं जिथं थांबतात ती जागा बहुतेक वेळा मला अपेक्षित नसते, आणि तिथून जो तास सुरू होतो तो साहित्याचाच असतो.

राहिला प्रश्न परीक्षेचा. तो सोडवला नाही तर बाकी सगळं कागदावर राहील, कारण पेपरात जे येत नाही ते गाईडात येत नाही आणि वर्गातही फार दिवस टिकत नाही. पण कृपा करून यावर 'टीपा लिहा' विचारू नका. कोरा नकाशा द्या आणि कादंबरीतल्या माणसांचा प्रवास त्यावर काढायला सांगा. एक उतारा द्या आणि त्यातले तीन शब्द मुलानं आपल्या घरच्या शब्दांनी समजावून द्यावेत आणि तो घरचा शब्द कुठं अपुरा पडतो तेही लिहावं असं विचारा. टोळी कुठपर्यंत गँग आहे आणि कुठं नाही, एवढं ज्याला पाच ओळींत सांगता येतं त्याला मी हायब्रिडिटीची व्याख्या विचारणार नाही.

अभ्यासक्रमाची फेररचना सुरू आहे असं कळतं. तुम्ही बैठकीला बोलावलंत तर मी येईन, दहा तासिकांचा आराखडा, नकाशे आणि उतारे घेऊन. आणि त्याआधी तुम्हीच इकडे यावं अशी इच्छा आहे. गळीत हंगाम लागला की मी या वर्षीच्या वर्गाला घेऊन नदीकाठच्या गुऱ्हाळावर जाणार आहे. गुऱ्हाळमालकांशी बोलून ठेवलं आहे. ते म्हणाले, पोरांना पहाटे आणा, पहिलं आदण उतरायच्या वेळेला, थंडी असते म्हणून सगळ्यांना चुलवाणाजवळ उभं राहता येतं.

आपली,
इंग्रजीची एक प्राध्यापिका
कोल्हापूर